१०^-१९ दिसलं की डोकं बंद पडतं? आधी वरचा छोटा आकडा वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लेक अकरावी सायन्सला, दहावीला गणितात ९१, आणि फिजिक्सच्या पहिल्याच युनिट टेस्टला २५ पैकी ९. ती म्हणते १.६ × १०^-१९ असलं काही दिसलं की डोकंच बंद पडतं. तुम्ही कॉमर्सच्या, पतसंस्थेत नोकरी, आणि तिने तुम्हाला विचारलं की १०^-१९ मोठं की १०^-५ मोठं, तर तुम्हालाही सांगता आलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "घातांकाचे नियम परत पाठ करून घेऊ का?" (इथे टाइप करताना टोपीसारखं ^ चिन्ह टाकतेय, त्याच्यापुढचा आकडा दहाच्या डोक्यावर बारीक लिहिलाय असं समजा.)

नका करून घेऊ. म्हणजे नियम यायला हवेतच, पण मी गेली एकवीस वर्षं तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतेय आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हीच रडारड असते, आणि त्यातल्या बहुतेक पोरांना नियम येत असतात. "पाया समान असेल तर घातांकांची बेरीज" हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्यांना तो आकडा आकडा वाटतच नाही, ते चित्र वाटतं, काहीतरी किचकट नक्षी. ३५० रुपये म्हटलं की डोळ्यापुढे काहीतरी येतं, टेन रेज टू मायनस नाइन्टीन म्हटलं की काहीच येत नाही, आणि मग उत्तर १०^१९ आलं काय नि १०^-१९ आलं काय, दोन्ही सारखंच वाटतं. चूक झालीये हे कळायला उत्तराचा अंदाज असावा लागतो ना, तोच नसतो.

आता तुमच्या लेकीचं नेमकं कुठे अडलंय हे तिला समोर बसवल्याशिवाय मला सांगता येणार नाही. तुम्हीच दोन गोष्टी करून बघा. एक, तिला विचारा -१९ आणि -५ यात मोठं कोण. इथेच अडखळली तर तिचा घोळ सातवीच्या पूर्णांक संख्यांचा आहे, तो आठवड्याभरात निघतो. दोन, ०.०००४५ हे १० च्या घातात लिहायला सांगा आणि मग विचारा, "एवढे मीटर म्हणजे साधारण किती? बोटाने दाखव." लिहिता आलं पण दाखवता आलं नाही, तर मग मी खाली लिहितेय ते सगळं तिच्यासाठी आहे. माझा अनुभव सांगते, ९१ वाली पोरं बहुतेक दुसऱ्या गटात असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ही भानगड नवीन नाहीये, आपण मराठी माणसं रोज हेच बोलतो. तुमच्याकडे पतसंस्थेत कुणी म्हणतं का, की कर्ज दोन-पाच-शून्य-शून्य-शून्य-शून्य रुपये आहे? "अडीच लाख" म्हणतो आपण. पावणेदोन कोटी. साडेतीन हजार. पुढे एक छोटा सुटसुटीत आकडा आणि मागे एक शब्द जो सांगतो की हा आकडा कुठल्या घरातला आहे. सायंटिफिक नोटेशन एवढंच आहे. अडीच लाख म्हणजे २.५ × १०^५, पावणेदोन कोटी म्हणजे १.७५ × १०^७. "लाख" हा शब्द काढून तिथे "१०^५" ठेवला, संपलं. लेकीला सांगा हजार म्हणजे ३, लाख म्हणजे ५, कोटी म्हणजे ७, अब्ज म्हणजे ९. एवढे चार आकडे पाठ केले तरी अर्धी भीती जाते.

मग शब्दच का नाही वापरत? कारण शब्द संपतात. आपल्याकडे तशी नावांची चंगळ होती, भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं-दहं-शतंपासून दर वेळी दहापट करत नावं दिलीयेत, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे १०^१७. पण खरं सांगा, निखर्व मोठं की महापद्म मोठं हे आज कुणाला न बघता सांगता येईल? मला नाही येत, मोजावं लागतं. म्हणून पेपरवाले पण "लाख कोटी" असं जोडकाम करतात. केंद्राचं २०२५-२६ चं बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं, हे वाचून कुणाला काही बोध होतो का? लाख म्हणजे ५, कोटी म्हणजे ७, दोघांचा गुणाकार म्हणून ५ + ७ = १२, म्हणजे लाख कोटी हे १०^१२. मग बजेट झालं साधारण ५.१ × १०^१३ रुपये. देशाची लोकसंख्या १४० कोटीच्या आसपास धरली तर १.४ × १०^९. भागा. १३ मधून ९ गेले ४ उरले, ५.१ भागिले १.४ साधारण ३.६. म्हणजे माणशी ३.६ × १०^४, छत्तीस हजार रुपये. बघा, कॅल्क्युलेटर न घेता झालं, आणि आता तो आकडा समजण्यासारखा झाला.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं, जे मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते आणि वर्षभर कंटाळा येईपर्यंत सांगत राहते. हा आकडा वाचताना डोळा आधी वरच्या बारीक आकड्यावर गेला पाहिजे. पोरं डावीकडून वाचायला लागतात, १.६ वाचतात, गुणिले वाचतात, दहा वाचतात, आणि तो बारीक -१९ शेवटी कुठेतरी शेपटासारखा राहतो. उलट आहे. शेपूट तेच खरं जनावर, पुढचं १.६ म्हणजे त्याच्या अंगावरचे ठिपके.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण लोणारचं आहे. आम्ही मुलांची सहल घेऊन गेलो होतो, साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, उल्का आदळून बनलेलं. त्याचं वय किती? आधी एका पद्धतीने मोजलं तेव्हा साधारण ५२ हजार वर्षं आलं होतं, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं तेव्हा साधारण ५ लाख ७० हजार. मी तिथे काठावर उभं राहून पोरांना सांगितलं, वहीत लिहा. ५.२ × १०^४ आणि ५.७ × १०^५. आणि विचारलं, दोन्हीत किती फरक वाटतो? एक पोरगा पटकन म्हणाला, "मॅडम थोडाच, पॉइंट फाइव्ह." मला हवं होतं तेच उत्तर मिळालं! ५.२ आणि ५.७ बघितलं त्याने. वरचा ४ चा ५ झालाय तिथे अख्खं वय अकरापट झालंय, पहिल्या आकड्याने विवर नवीन वाटतं, दुसऱ्याने एकदम जुनं. तो पोरगा आता इंजिनियर आहे, अजून भेटला की "पॉइंट फाइव्ह" म्हणून चिडवते मी त्याला.

आता उणे घातांक, कारण खरं रडगाणं तिथलंच आहे. मुलांच्या डोक्यात उणे म्हणजे शून्याच्या खाली, कर्ज, थंडी. म्हणून १०^-१९ बघितलं की त्यांना वाटतं ही संख्याच उणे आहे. तुम्ही पतसंस्थेतल्या म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. एक पैसा म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग, म्हणजे १०^-२ रुपया. खिशात एक पैसा असला तर तुमच्यावर कर्ज असतं का? नाही, खिशात थोडेच पण आपलेच पैसे आहेत. उणे २ एवढंच सांगतंय की रुपयाला दोनदा दहाने भागलं. +२ म्हणजे दोनदा दहाने गुणलं. घातांकाचं चिन्ह म्हणजे दिशा, जिना चढायचा की उतरायचा. आणि हा जिना कितीही उतरलात तरी शून्याला पोचत नाही, उण्यात जाणं तर लांबच राहिलं. मग तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं, १०^-५ मोठं, कारण ते पाचच पायऱ्या उतरलंय, १०^-१९ एकोणीस पायऱ्या उतरलंय. किती मोठं? १४ पायऱ्यांचा फरक, म्हणजे १०^१४ पट. आपल्या जुन्या नावाने एक जलधी पट, घ्या!

पायरीचं हे डोक्यात बसलं की पुढची गोष्ट म्हणजे जिन्यावर ओळखीची माणसं उभी करायची. हे मी जिथे शिकले तिथे कुणी सांगितलं नव्हतं, शिकवायला लागल्यावर माझं मलाच सुचलं. प्रत्येक पोराने स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ मारायची, मध्ये १०^० म्हणजे १ मीटर, आणि वर-खाली आपल्याला माहीत असलेल्या गोष्टी लिहायच्या. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे १.६ × १०^३, तिसऱ्या पायरीवर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, १.५ × १०^५. पृथ्वीचा व्यास १.२७ × १०^७. चंद्र ३.८ × १०^८ वर. सूर्य १.५ × १०^११ वर. आता गंमत बघा, मुंबई-पुणे १.५ आणि सूर्य पण १.५, पुढचे आकडे सारखेच, वर फक्त ५ आणि ११. सहा पायऱ्या. म्हणजे सूर्य हा बरोब्बर दहा लाख मुंबई-पुणे एवढ्या लांब आहे. एका खेपेला तीन तास धरले तर (घाटात ट्रॅफिक नसेल तर!) ३ × १०^६ तास, तुम्ही तीनशे चाळीस वर्षं गाडीत. आणि प्रकाश? त्याचा वेग ३ × १०^८ मीटर प्रतिसेकंद, ११ मधून ८ गेले ३, आणि १.५ भागिले ३ म्हणजे ०.५, तर ०.५ × १०^३ म्हणजे ५०० सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. पुस्तकात हे उत्तर नुसतं दिलेलं असतं, पोराने स्वतः काढलं की ते त्याचं होतं.

खाली उतरताना आधी मिलिमीटर, १०^-३, पट्टीवर दिसतो. मग मायक्रॉन. मायक्रॉन हा शब्द पोरांना प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे माहीत असतो, १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही हा नियम बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे (पाळतात किती ते सोडा). मायक्रॉन म्हणजे १०^-६ मीटर, तर १२० मायक्रॉन म्हणजे १.२ × १०^-४. डोक्याचा केस त्याच्याहून थोडा बारीक, ७ × १०^-५ च्या आसपास, माणसामाणसात फरक पडतो. रक्तातली तांबडी पेशी ७ × १०^-६, म्हणजे केसाच्या एक पायरी खाली. कोरोनाचा विषाणू १०^-७. अणू १०^-१०. आणि अणूचं केंद्रक १०^-१५ च्या घरात. इथे मी नेहमी थांबते. अणू आणि केंद्रक, दोन्ही "खूप लहान" म्हणून पोरं एकाच पिशवीत टाकतात, आणि मधे पाच पायऱ्या आहेत, लाखपट! केंद्रक चिंचोक्याएवढं केलं, एक सेंटिमीटरचं, तर अणू जवळपास एक किलोमीटर रुंद होईल. वर्गाच्या मधोमध चिंचोका ठेवायचा आणि अणूची कड एसटी स्टँडच्याही पलीकडे, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. हे एकदा सांगितलं की रुदरफोर्डने सोन्याच्या पत्र्यावर सोडलेले बहुतेक कण आरपार का गेले हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिच्या त्या १.६ × १०^-१९ कडे येते. हा एका इलेक्ट्रॉनवरचा चार्ज, कूलॉम या चार्ज मोजायच्या एककात. नुसता बघितला तर काहीच कळत नाही, म्हणून तो उलटा करायचा. मोबाईलच्या चार्जरच्या केबलमधून समजा २ अँपिअर करंट जातोय, म्हणजे दर सेकंदाला २ कूलॉम. इलेक्ट्रॉन किती? २ भागिले १.६ × १०^-१९. खालचा उणे वर आला की अधिक होतो, १.२५ × १०^१९. म्हणजे दर सेकंदाला सव्वाशे परार्ध इलेक्ट्रॉन त्या बारक्या वायरमधून! जो आकडा मघाशी इतका लहान होता की दिसत नव्हता, तोच आता इतका मोठा झाला की मोजता येत नाही. एक इलेक्ट्रॉन फारच फुसका असतो म्हणून तर एवढे लागतात. फिजिक्समध्ये फार लहान आणि फार मोठं ही जोडी अशीच एकत्र येते बरेचदा, १०^-२३ च्या जवळपासचं काही दिसलं की कुठेतरी ॲव्होगाड्रोचं १०^२३ (एका मोल पदार्थातल्या कणांची संख्या याच घरातली) लपलेलं असतं.

अजून खाली जायचं तर आपल्या नारायणगावजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, लेकीला जमलं तर घेऊन जा. हे लोक आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल ज्या एककात मोजतात त्याचं नाव जान्स्की, आणि एक जान्स्की म्हणजे १०^-२६, वॅट प्रति चौरस मीटर प्रति हर्ट्झ. उणे सव्वीस! आता एक जान्स्कीचा सिग्नल आला तर एक डिश किती पॉवर गोळा करत असेल ते अंदाजाने काढू. डिशचं क्षेत्रफळ साधारण १.६ × १०^३ चौरस मीटर. ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकतोय असं धरू, ३.२ × १०^७ हर्ट्झ. सगळ्याचा गुणाकार, वरचे आकडे आधी, -२६ + ३ + ७ = -१६. पुढचे, १.६ × ३.२ साधारण ५. म्हणजे ५ × १०^-१६ वॅट, आणि तेही डिश शंभर टक्के पकडते असं धरून, प्रत्यक्षात त्याहून कमीच. घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा, जवळपास १०^१. सोळा-सतरा पायऱ्या खाली बसून ही माणसं आकाशगंगा ऐकतायत. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

थांबा, बेरीज राहिली. गुणाकार-भागाकार पोरांना जमतो, बेरजेत हटकून माती खातात. ३ × १०^५ + २ × १०^३ दिलं की दरवर्षी वर्गातले चार-पाच जण ५ × १०^८ लिहितात, म्हणजे जे दिसेल त्याची बेरीज. त्यांना मी फक्त मराठीत वाचायला लावते, तीन लाख अधिक दोन हजार. उत्तर? "तीन लाख दोन हजार." मग पाच कशाचे आणि ते आठ आले कुठून? ५ × १०^८ म्हणजे पन्नास कोटी, तीन लाखात दोन हजार घातले की पन्नास कोटी होत असते तर आपण कशाला नोकऱ्या केल्या असत्या. बेरीज-वजाबाकीला दोन्ही एकाच घरात आणायचे, ३ × १०^५ + ०.०२ × १०^५ = ३.०२ × १०^५. यावरूनच अजून एक कळतं, घातांकात चार-पाचचा फरक असेल तर छोट्याला बेरजेत जवळजवळ किंमतच नसते. ट्रक वजनकाट्यावर असताना त्यावर माशी बसली तर काटा हलत नाही तसं. परीक्षेत वेळ वाचतो याने.

आणि पुढचा आकडा १ ते १० च्या आत का ठेवायचा हे पण मुलं विचारत नाहीत, नुसतं पाळतात. कारण तो आत ठेवला तरच वरचा आकडा बघून तुलना करता येते. ४५० × १०^३ आणि ६ × १०^४ यात वरवर बघितलं तर ४ मोठा, पण पहिला साडेचार लाख आहे आणि दुसरा साठ हजार. याचा मला घरी झटका बसलाय. सासऱ्यांना डेंग्यू झाला होता, रिपोर्ट मोबाईलवर आला, प्लेटलेट ९५. घरात एकदम हलकल्लोळ, "अगं पंच्याण्णवच राहिल्यात, लाखात असतात ना!" माझ्या नवऱ्याने गाडीची किल्ली पण उचलली. मी फोन घेऊन शेजारचा कॉलम बघितला, तिथे बारीक अक्षरात १०^३ प्रति मायक्रोलिटर लिहिलं होतं आणि नॉर्मल रेंज १५० ते ४५०. म्हणजे ९५ × १०^३, पंच्याण्णव हजार. कमी होत्याच, दीड लाखाच्या खाली, डॉक्टरांना दाखवायचंच होतं आणि दाखवलं, पण पंच्याण्णव आणि पंच्याण्णव हजार यात तीन पायऱ्या आहेत. काही लॅबचे रिपोर्ट लाखात असतात, काहींचे हजारात, काही पूर्ण आकडा लिहितात, त्यामुळे मागच्या रिपोर्टशी तुलना करताना युनिटचा कॉलम आधी बघा, हे सगळ्यांनाच सांगतेय.

पावसाळ्यात पेपरमधला टीएमसी पण असाच. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी वाचतो आपण, पण टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, ३ + ६ = ९, १०^९ घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, २.८३ × १०^१. तर एक टीएमसी २.८३ × १०^१० लिटर आणि भरलेली कोयना साधारण ३ × १०^१२ लिटर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११.२ कोटी, १.१२ × १०^८. भागलं तर माणशी साधारण २६-२७ हजार लिटर, माणशी दिवसाला १३५ लिटर हा जो शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब धरतात त्याने जेमतेम दोनशे दिवस. (कोयनेचं पाणी मुख्यतः विजेला जातं ते वेगळं, हा फक्त अंदाज यावा म्हणून.) असलं एखादं गणित जेवताना तोंडी करायला लावा तिला, वही नको.

परीक्षेचं म्हणाल तर बोर्डाला आणि प्रवेश परीक्षांना कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल किंवा तोंडी हिशोब. लॉग टेबलचा बाऊ पण याच आजाराचा भाऊ आहे. लॉग घेताना जो कॅरेक्टरिस्टिक (लॉगमधला पॉइंटच्या आधीचा पूर्णांक, उणे असेल तर डोक्यावर रेघ म्हणजे बार) काढायला शिकवतात, "पॉइंटच्या आधीचे अंक मोजा, त्यातून एक वजा करा, पॉइंटनंतर शून्य असतील तर बार", हे सगळं पाठ करायची गरजच नाही. आकडा सायंटिफिक नोटेशनमध्ये लिहा, वरचा घातांक तोच कॅरेक्टरिस्टिक. ०.००४५ म्हणजे ४.५ × १०^-३, कॅरेक्टरिस्टिक बार थ्री, झालं. टेबलमध्ये फक्त ४.५ चं बघायचं. हे सांगितल्यावर दरवर्षी वर्गातून एक "आईशप्पथ" ऐकू येतं.

प्रॅक्टिकलला मात्र कॅल्क्युलेटर असतो आणि तिथे एक ठरलेली चूक आहे. ६.०२२ × १०^२३ टाकताना मुलं ६.०२२, गुणिले, १०, मग ईएक्सपी, मग २३ दाबतात. ईएक्सपी बटणातच "गुणिले दहाचा घात" आहे, त्यामुळे हे दहापट जास्त होतं, ६.०२२ × १०^२४. नुसतं ६.०२२ ईएक्सपी २३. उत्तर बरोब्बर दहापट चुकलं की मी आधी हेच विचारते आणि दहातल्या आठ वेळा हेच निघतं.

आणि शेवटचं तुमच्यासाठी ताई, पतसंस्थेत एक्सेल वापरत असाल म्हणून. एक्सेलमध्ये बारा आकडी आधार नंबर टाकला की तो १.२३४५७ई+११ असा काहीतरी दिसतो, तो ई म्हणजेच आपला "गुणिले १० चा घात", तिथे आकडा आत शाबूत असतो, फक्त दाखवायची पद्धत बदललेली असते. पण सोळा आकडी खाते नंबर असेल तर नाही, एक्सेल पंधराच अंक जपून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं आणि ते परत येत नाही. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी अख्ख्या यादीतल्या खाते नंबरांच्या शेवटी शून्य झाले होते आणि पैसे जाईनात म्हणून दोन दिवस सगळे हैराण, मग कागदावरून परत सगळे टाइप केले. खाते नंबर ही मोजायची संख्या नाही, ते नाव आहे, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा. लेकीला हे दाखवा, आईच्या ऑफिसात पण टेन रेज टू असतं म्हटल्यावर तिला जरा बरं वाटेल, आणि ते -१९ आणि -५ चं विचारून बघितलं की काय म्हणाली ते मला इथे कळवा, त्यावरून पुढे काय करायचं ते सांगते.